कळकलेली शाई

दिग्रस, रविवार, ७ जानेवारी १९६२

दादा, नमस्कार.

घरी सगळे ठीक आहेत आणि नानांचा खोकला कमी आहे. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे आता कामाचं लिहिता येईल.

तू पुण्याला नेलेली बाराही पितळी पेनं तुझ्या मालकांना आवडली हे वाचून बरं वाटलं. आई पोळ्या लाटत होती म्हणून मी पत्र मोठ्याने वाचलं. तो परिच्छेद मी दोनदा वाचला, हे तिच्या लक्षात आलं.

एका पेनाला किती वेळ लागतो, असं त्यांनी विचारलं आहे. लेथ पायाने चालवायचा, तेव्हा पाय कोणाचा यावर ते अवलंबून आहे. लखीरामने पाय मारला आणि मी हत्यार धरलं तर नळी, टोपण आणि बोटांत धरायचा भाग मिळून साडेपाच तास. मी एकटी असले तर सात. त्यांना सात सांग. लखीराम उद्या आजारी पडला तर आपण खोटे ठरायला नको.

लखीरामचं मापावरून माझ्याशी रोज भांडण होतं. आठ वर्षं कापसाच्या जिनात, हा लेथ तिथे होता तेव्हा, याच्यावरच रोलरचे दांडे कातलेला माणूस, तो अजून सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतो. काल म्हणाला, "बाई, तुमचे आठ मिलिमीटर म्हंजे आपले अडीच सूत न जी? मंग सिद्धं अडीच सूत म्हना न. दोन साल नागपूरले कायले गेलत्या?" मी म्हटलं, अडीच सूत म्हणजे सात पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश. सहा शतांश कमी पडतात. तो म्हणाला, "सहा शतांशात शाई किती मावंल? एक टिंब. अन् टिंब तर आमी लिवतानी तसंबी देत नाही." पण भोक त्याने आठच पाडलं. मोजून पाहिलं.

एक काम. आराखड्याचे दोन कागद तू प्रती काढायला नेले आहेस. ज्याने आराखडा काढला त्याचं नाव उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात लिहायचं, असं आम्हाला नागपूरच्या तंत्रशाळेत शिकवलेलं आहे, म्हणून माझं नाव तिथे आहे. प्रत काढताना कोपरा झाकला जाणार नाही असं बघ. तिसरा कागद, ज्यावर कामाचा क्रम लिहिला आहे, तो तू टेबलावरच ठेवून गेलास. हवा असेल तर कळव, पाठवते.

सुचित्रा


दिग्रस, रविवार, २५ फेब्रुवारी १९६२

दादा, नमस्कार.

निवडणुकीचे कर्णे थांबले. आता लेथचा आवाज स्वतःला ऐकू येतो.

तू पाठवलेलं छापील पत्रक मिळालं. कागद चांगला आहे. त्यात असं छापलं आहे की हे पितळी पेन "श्री. मधुसूदन नरहर पांढरीपांडे यांनी दिग्रस येथील आपल्या कारखान्यात स्वतः संकल्पून स्वहस्ते घडविले आहे." छापणाऱ्याची चूक असावी. कारखाना हा शब्दही मोठा आहे. आपल्या घरामागच्या टिनाच्या पडवीत एक लेथ, एक पाटा आणि दोन स्टुलं आहेत. दुसऱ्या छपाईत दुरुस्त करून घे.

पत्रक मी नानांना दाखवलेलं नाही. आईने वाचलं आणि म्हणाली, "मधूने एवढं पितळ कधी कातलं?" मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक. ती म्हणाली, "छापणाऱ्याला त्याचं मधलं नाव कोणी सांगितलं?" याचं उत्तर तुला विचारते. तुझ्याजवळ असेल.

पुण्याला त्यांच्या कारखान्यात विजेच्या लेथवर चारशे पेनं करायचं ठरत आहे, असं तू लिहितोस. ते चांगलं आहे. आमच्याकडे महिन्याला वीसच होतात. पण मग तिसरा कागद लागेल. तू मागच्या पत्रात त्याबद्दल काही लिहिलं नाहीस. पाठवू का?

लखीरामची सगाई ठरली. मुलगी आर्णीकडच्या एका तांड्यातली आहे. आठवडाभर तो इतका नीट पाय मारतो आहे की आट्यांचा एकही तुकडा वाया गेला नाही. तुला हसू येईल म्हणून लिहिलं.

सुचित्रा


दिग्रस, १९ मार्च १९६२

दादा, नमस्कार.

तू लवकर ये. कारण लिहिते.

गेल्या सोमवारी, १२ तारखेला, सकाळी नानांनी पडवीला कुलूप लावलं. लखीराम नेहमीप्रमाणे आला तेव्हा नाना रस्त्याकडच्या पायरीवर उभे होते. त्याला त्यांनी आत बोलावलं नाही. तिथेच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"काहून जी? काही चुकलं काय?"

"चुकलं की नाही ते तुला माहीत."

"मले मालूम असतं तर तुमाले पुसलं असतं काय, नानासाहेब?"

रस्त्यावर जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या बंड्या रांगेने उभ्या होत्या. एक गाडीवाला वरून ओरडला, "लख्या, खरादावर काय कातून राह्यलता बे?" बाकीचे हसले. लखीरामने डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गेला. मी दाराच्या आत होते. मी बाहेर यायला हवं होतं. आले नाही.

नंतर नाना मला एवढंच म्हणाले की त्यांना एक पत्र आलं आहे. दोन माणसांनी एका यंत्रावर दिवसभर खांद्याला खांदा लावून काम करणं लोकांच्या डोळ्यांवर येतं. त्यातला एक तांड्यावरचा आणि एक आपल्या घरातली. मी विचारलं, पत्र कोणाचं? ते म्हणाले, "ज्याला घराची काळजी आहे त्याचं." मी रोज विचारते. ते सांगत नाहीत.

पत्रात काय आहे याचा अंदाज मला आहे, आणि तसं काही घडलेलं नाही. लेथवर एकाने पाय मारायचा आणि दुसऱ्याने हत्यार धरायचं, तर त्या दोघांमध्ये दीड फूट अंतर राहतं. त्याहून जास्त ठेवता येत नाही आणि त्याहून कमी केलं तर कोपर लागून हत्यार हलतं. हे मी नानांना सांगितलं. त्यांना ते उत्तर उद्धट वाटलं.

नाना तुझं ऐकतात. तू येऊन बसलास आणि एकदा म्हणालास की सुचित्रा काम करते तेव्हा कामच करते, तर कुलूप निघेल. तुझ्याखेरीज दुसरं कोणी हे करू शकणार नाही. पत्र कोणी लिहिलं तेही ते तुला सांगतील.

दुसरं म्हणजे लखीराम. बंडीवाल्यांनी ऐकलेलं आर्णीपर्यंत जायला बाजाराचा एक दिवस पुरतो. त्याची सगाई मोडेल. मला कुलूप लागलं तर मी घरातच आहे. त्याचं तसं नाही.

एस.टी. पुसदहून सकाळी येते ती थेट मिळते. यायचा दिवस कळव.

सुचित्रा


दिग्रस, २ एप्रिल १९६२

मधुसूदन,

तू आला नाहीस, त्याचं कारण आता कळलं.

काल मी नानांना पुन्हा विचारलं. त्यांनी पेटीतून पत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "वाच. निदान तुझ्या भावाला तरी तुझी काळजी आहे."

मी उभ्यानेच वाचलं. तारीख ६ मार्च. "सुचित्रा व तो लखीराम यांच्या वागण्याबद्दल इथे पुण्यापर्यंत कानावर येते, हे आपणांस कळविणे माझे कर्तव्य समजतो. मी स्वतः डिसेंबरात जे पाहिले ते लिहिण्यास लेखणी धजत नाही. पडवी ताबडतोब बंद करावी. तिचे स्थळ पाहण्याचे मी मनावर घेतो."

डिसेंबरात तू चार दिवस इथे होतास. त्यांतले अडीच तू पडवीत स्टुलावर बसून होतास आणि मी कातलेली पेनं फडक्याने पुसून डबीत ठेवत होतास. तू जे पाहिलंस ते मला माहीत आहे, कारण मीही तिथे होते.

मला कारण कळत नव्हतं. नुसता द्वेष म्हणावा, तर तू मला कधी टाकून बोललेलाही नाहीस. कारण २८ मार्चला टपालाने आलं होतं, मीच ते नीट वाचलं नव्हतं. तुझ्या मालकांचं कार्ड, "व्यवस्थापक, पांढरीपांडे पेन कारखाना, दिग्रस" या पत्त्यावर. ते २५ मार्चला यवतमाळला येणार होते आणि तुझा कारखाना पाहायला इथे उतरणार होते. परंतु "आपण कळविल्याप्रमाणे कारखाना घरगुती अडचणीमुळे बंद झाल्याने" त्यांनी बेत रद्द केला.

तारखा मी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. पत्रक फेब्रुवारीत. त्यांचा यायचा बेत त्यानंतर. तुझं पत्र सहाला. कुलूप बाराला. ते पंचवीसला येणार. ते आले असते तर त्यांना लेथपाशी मी दिसले असते. तुला पडवी बंद हवी होती, एवढंच. आणि पडवी बंद करायला नानांजवळ चालेल असं एकच कारण होतं, ते तू वापरलंस.

१९ मार्चला मी तुलाच मदतीला बोलावलं. ते पत्र तू वाचलंस का, कुठे बसून वाचलंस, हे मला कळून काही उपयोग नाही.

सुचित्रा


दिग्रस, ११ जून १९६२

मधुसूदन,

दोन महिन्यांनी तुझं सात पानांचं पत्र आलं. त्यात कुलपाचा उल्लेख नाही. लखीरामचं नाव नाही. माझ्या तब्येतीची चौकशी सहाव्या पानावर आहे.

बाकीचं सगळं शाईबद्दल आहे. पुण्याला केलेल्या चारशे पेनांपैकी अर्धी परत आली. तीन आठवड्यांत शाई हिरवट होते, तळाशी गाळ बसतो, निबाखालची जीभ तुंबते, आणि एका मुख्याध्यापकांच्या कोटाच्या खिशावर हिरवा डाग पडला. मालक विचारतात की दिग्रसच्या बारा पेनांत असं का झालं नाही. तू त्यांना सांगितलंस की त्या पितळेची जात वेगळी होती. आणि मला विचारतोस की आत काय केलं होतंस.

पितळ तेच. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पितळेच्या पातेल्यात कढी ठेवली तर काय होतं हे मधूला माहीत नाही?"

कळकते. आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवला की कळकतो. शाईत आम्ल असतं, ती कढीसारखीच वागते. म्हणून आपण पातेल्यांना आतून कल्हई लावतो, आणि म्हणून मी पेनांनाही लावली. हे तुला कधी कळायचं कारण नव्हतं. तुझ्यापुढे कढी ताटात येत आली. आराखड्यात कल्हई दिसत नाही, कारण तिची जाडी मापात धरण्याइतकी नसते. ती तिसऱ्या कागदावर लिहिलेली आहे. तो मी तुला दोनदा देऊ केला होता.

कागद सोबत पाठवते. तरी जे नेमकं चुकेल तेवढं इथे लिहिते. भोक पाडून झालं की नळी राखेने घासून स्वच्छ करायची. निखाऱ्यावर तापवायची. आत नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर निघेल. मग कथलाचा वाटाण्याएवढा तुकडा. वितळला की लोखंडी तारेला कापूस घट्ट गुंडाळून एका दमात आतून फिरवायचा. थांबलात तर थर जाड बसतो. आटे यानंतर पाडायचे, आधी नाही. आधी पाडले तर कथील आट्यांत शिरतं आणि टोपण बसत नाही. पुण्याच्या लोकांनी आधीच आटे पाडले असणार. ती पेनं वाचवायची तर आटे मेणाने बुजवून पाहा, पण मी करून पाहिलेलं नाही. खात्री देत नाही.

नळी साठ दिवस शाईत ठेवून मी तपासली होती. तीन तुकडे होते: उघडा, लाखेचा आणि कल्हईचा. पहिला अकराव्या दिवशी हिरवा झाला. लाख चाळिसाव्या दिवशी सुटली. तिसरा अजून कपाटात आहे.

इथे हे काम फकिरा कल्हईवाला करायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "भगुन्याले केली, पराताले केली. पेनाले कल्हई करा म्हननाऱ्या तुमीच पह्यल्या, बाई. उद्या सुई घिऊन यासान." तुम्हाला पुण्यात तांबट आळीत माणूस मिळेल.

याच्या बदल्यात मी काही मागत नाही. विचार केला होता. आधी तू लिही मग मी सांगते, असं म्हणता आलं असतं. पण शाईच्या बदल्यात मिळालेला कबुलीजबाब नानांना खरा वाटला नसता, आणि मलाही नाही. शिवाय पेन घेणाऱ्यांचे खिसे खराब होत आहेत त्यात त्यांचा दोष नाही, आणि ते पेन माझं आहे.

म्हणून कागद पाठवला. आता तुझ्यावर काही अडलेलं नाही. मोकळ्या मनाने नानांना एक ओळ लिहिता येईल: मी लिहिलं ते खोटं होतं. अक्षर तुझं हवं. बाकी काही नको.

सुचित्रा


दिग्रस, २० ऑगस्ट १९६२

मधुसूदन,

पार्सल मिळालं. पेन तपासलं. कल्हई पातळ आणि सारखी आहे, आटे नंतर पाडले आहेत. शाई भरून अठरा दिवस झाले, रंग बदललेला नाही. काम ठीक झालं आहे. डबीवर तुझं नाव सोनेरी अक्षरांत आहे.

नानांना पत्र आलेलं नाही. मी रोज पोस्टमनला विचारत नाही, पण पोस्टमन रोज दारावरून जातो.

लखीरामची सगाई मोडली. त्याची बहीण जमनी बाजाराला आली होती तेव्हा तिने सांगितलं. मुलीकडच्यांनी निरोप दिला की बामणाच्या घरातून हाकललेला पोरगा आम्हाला नको, काही असल्याशिवाय कोणी हाकलत नाही. जमनी म्हणाली, "भाऊ जेवते, काम करते, बोलत नाही. याडी म्हनते, बोल रे बाप्पा, शिवी तरी दे. तर शिवीबी देत नाही." याडी म्हणजे त्यांची आई.

त्याच्या वडिलांनी, देवसिंगांनी, आता नसाब बोलावली आहे. नसाब म्हणजे त्यांच्या तांड्याची पंचायत. नायक बसतो, दोन्हीकडचे येतात, ज्याच्यावर आळ आहे त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारतात. रविवार, २३ सप्टेंबर, बोरी अरबजवळच्या त्यांच्या तांड्यावर. तिथे लखीराम "मी काही केलं नाही" म्हणेल, आणि ते कोणीही म्हणतं.

आजपासून चौतीस दिवस आहेत. टपालाला तीन लागतात.

सुचित्रा


दिग्रस, मंगळवार, २५ सप्टेंबर १९६२

मधुसूदन,

पत्र आलं नाही, म्हणून मी गेले.

शनिवारी संध्याकाळी नानांना सांगितलं, लपवून जायचं नव्हतं. ते म्हणाले, "पत्रातलं खरं नाही, हे मला एप्रिलातच कळलं होतं." मी विचारलं, मग कुलूप? ते म्हणाले, "कुलूप काढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं की लावलं का होतं." हे वाक्य मी तुला आहे तसं लिहिते आहे. मला वाटत होतं फसवणारा एकच आहे.

नंतर म्हणाले, "जातेस तर जा. त्या पोराला सोडव. पण मधूचं नाव घेऊ नकोस. कोणीतरी लिहिलं म्हण."

"पत्र त्याच्या अक्षरात आहे, नाना."

"म्हणूनच सांगतो."

सकाळी मी निघाले तर आई इरकली नेसून दारात उभी. तिच्या हातात पत्र होतं. नानांची पेटी तिने कधी उघडली ते मी विचारलं नाही. बसमध्ये ती एकदाच बोलली. "तिथे पाणी देतील ते प्यायचं," म्हणाली. स्वतःलाच सांगत असावी.

तांडा बोरीपासून दीड मैलावर आहे. लिंबाखाली पुरुष बसले होते, बायका एका बाजूला. आर्णीकडून मुलीचा बाप आणि चुलता आले होते, त्यांनी जोडे काढले नव्हते. नायक भावसिंग साठीचे आहेत, पांढरं पागोटं, बोलताना डोळे मिटतात. आम्हाला पाहून त्यांनी आधी पाणी मागवलं. आई प्यायली.

लखीराम उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मुलीचा चुलता म्हणाला, "आता बाईले घिऊन आला का साक्षीले? वा रे पठ्ठे!" कोणीतरी हसलं. भावसिंग डोळे मिटूनच म्हणाले, "ते आली, कोनं आनली नाही. बोल, बाई."

मी सांगितलं. काम काय होतं, कोण कुठे उभं राहायचं, किती वेळ. चुलत्याने विचारलं, "दीड फुटावर दोन साल उभे राह्यले अन् काही बोललेच नाही?" मी म्हटलं, रोज भांडत होतो. "कायच्याहून?" सूत आणि मिलिमीटरवरून. यावर पुरुष हसले. पण ते हसू वेगळं होतं, मला फरक कळतो.

बायकांमधून एक म्हातारी उठली, मानीबाई, लखीरामची आजी. माझ्या अगदी जवळ आली. "छोरी," म्हणाली, "हातानं काही केलं नाही, ते समजलं. तुया मनात काही होतं का?"

मुलीचा चुलता पुढे सरकून बसला.

मी म्हटलं, "जे घडलं ते सांगायला मी आले आहे. मनातलं नसाबपुढे सांगायचं नसतं."

तिने मान हलवली. "बराबर हाय. आमीबी कदी सांगितलं नाही," म्हणाली आणि परत जाऊन बसली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. लखीराम जमिनीकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे एकदाच पाहिलं.

मग भावसिंगांनी विचारलं, "तं मंग हे लिवलं कोनं?"

नाना म्हणाले होते तसं म्हणता आलं असतं. "कोणीतरी" हा शब्द तयार होता. पण "कोणीतरी" म्हटलं की तो चुलता म्हणणार, कोणीतरी पाहिलं असेल म्हणूनच लिहिलं असेल. ज्याने लिहिलं त्याला लिहिण्याचं काय कारण होतं, हे सांगितल्याशिवाय लखीराम सुटत नव्हता. मी म्हटलं, माझ्या सख्ख्या भावाने, मधुसूदन नरहर पांढरीपांडे याने. आणि पेनांचं, पत्रकाचं, मालकांच्या कार्डाचं, सगळं तारखांसकट सांगितलं. कार्ड मी नेलं होतं.

चुलता म्हणाला, "बहीन भावावर सांगून राह्यली. काय भरोसा? अक्षर कोनाचंबी असू शकते."

तेव्हा आई उठली. तिला इतक्या पुरुषांसमोर बोलताना मी कधी पाहिलेलं नाही. पत्र तिने दोन हातांत धरलं होतं. "अक्षर माझ्या मुलाचं आहे," म्हणाली. "पाटीवर त्याचा हात धरून मीच गिरवून घेतलं होतं. हा त्याचा 'ध'. लहानपणापासून तो गाठ उलटी मारतो. मी पुष्कळ सांगितलं, सुधारली नाही." आणि खाली बसली.

मुलीच्या बापाने जोडे काढून बाजूला ठेवले.

भावसिंगांनी निर्णय दिला. लखीरामवर आळ नाही. देवसिंगांनी गूळ वाटला. पण सगाई जुळत नाही अजून. मुलीचा बाप म्हणाला, "मले पटलं. पन माह्या तांड्यात दीडशे घरं हायेत, मी एकेकाले बाईची गोठ कशी सांगू? ज्यानं खोटं लिवलं त्यानं इथं उभं राहून खोटं म्हनावं. मंग कोनी तोंड उघडनार नाही." नायक म्हणाले, रीतही तीच आहे.

लखीराम आम्हाला फाट्यापर्यंत पोचवायला आला, चार पावलं पुढे चालत. बस दिसल्यावर म्हणाला, "तुमी आल्या, बेस झालं. पन मी आता दिग्रसले येनार नाही, बाई. पुसदले खरादाचं काम भेटलं." मी म्हटलं, ठीक आहे. आणखी काही म्हणायला हवं होतं का, ते मला ठरवता आलं नाही. बस वेळेवर होती.

घरी नानांनी विचारलं, "नाव घेतलंस?" मी हो म्हटलं. आई म्हणाली, "तिने घेतलं, मी ओळखलं." नाना उठून आत गेले. काल सकाळी पडवीचं कुलूप काढलेलं होतं. मी आत जाऊन लेथला तेल घातलं. सहा महिन्यांत गंज बराच चढला आहे.

आता निरोप. तो माझा नाही, मी फक्त पोचवते. नसाब पुन्हा दिवाळीनंतरच्या रविवारी, ४ नोव्हेंबरला बसेल, आणि तुला बोलावलं आहे. आलास तर लखीरामचं लग्न होईल. आला नाहीस तर ते तुझ्याशिवाय बसतील, आणि तू आला नाहीस हे दोन तांड्यांना कळेल. मी आणि आई जाणार आहोत.

येणार की नाही ते मला कळवू नकोस. त्यांना कळव: भावसिंग नायक, पोस्ट बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. तिकडे टपाल आठवड्यातून दोनदाच जातं, तेव्हा वेळ ठेवून टाक. नायकांना वाचता येत नाही. तांड्यावर पत्र आलं की मास्तर ते लिंबाखाली सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. त्या हिशोबाने लिही.

सुचित्रा